कोड लिहिणारे पुष्कळ, त्याची जबाबदारी घेणारे कोण?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयावर आहेत: सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या नोकऱ्यांचे पुढे काय होणार. पत्र लिहिणाऱ्यांत नुकतीच पदवी घेतलेले आहेत, पंधरा-पंधरा वर्षे काम केलेले आहेत आणि पालकही आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत आणि लांबलेली पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन मला अकरा महिने झाले. दोनशेहून अधिक ठिकाणी अर्ज केले, सात ठिकाणांहून उत्तर आले आणि दोनच ठिकाणी मुलाखत झाली. ‘फ्रेशर हवेत’ अशा जाहिरातीतही दोन वर्षांचा अनुभव मागतात. आमच्या तीन वर्षे आधीच्या विद्यार्थ्यांच्या हातात पदवीआधीच दोन-दोन नोकऱ्या होत्या. एआयने आमच्या जागा खाल्ल्या का? की माझ्यातच काही कमी आहे?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच तुम्हाला रात्री झोपू देत नसावा. दोनशे अर्जांना उत्तर न येणे हे तुमच्या लायकीचे मोजमाप नाही. मी स्वतः २००१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलो. मार्च २००० मध्ये शिखरावर असलेला, तंत्रज्ञान कंपन्यांचा भर असलेला अमेरिकेचा नॅसडॅक हा शेअर निर्देशांक ऑक्टोबर २००२ पर्यंत तीन-चतुर्थांशाहून अधिक कोसळला, आणि आमच्या वर्गात ज्यांच्याकडे नेमणुकीची पत्रे होती त्यांनाही रुजू होण्याची तारीख मिळेना. त्या वर्गातील बहुतेक जण आज याच क्षेत्रात आहेत. धीर द्यावा म्हणून हे सांगत आहेच, पण बाजार कशामुळे आटतो हे कळल्याशिवाय त्यातून वाट कशी काढायची हेही सुचत नाही.

तुमच्या आधीच्या तुकडीला मिळालेल्या त्या दोन-दोन नोकऱ्या हीच मुळात असामान्य गोष्ट होती. मार्च २०२० ते मार्च २०२२ या काळात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर जवळजवळ शून्य होता. पैसा इतका स्वस्त असला की गुंतवणूकदार आजच्या नफ्याऐवजी उद्याच्या वाढीकडे पाहतात, आणि सॉफ्टवेअर कंपनीची वाढ दाखवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे माणसे भरणे. फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीत २०१९ च्या अखेरीस सुमारे ४५,००० माणसे होती, ती सप्टेंबर २०२२ मध्ये ८७,००० झाली. तोवर व्याजदर चढू लागले होते आणि जुलै २०२३ मध्ये ते सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर पोहोचले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० हून अधिक जणांना कमी केले. जानेवारी २०२३ या एका महिन्यात गूगलने १२,०००, मायक्रोसॉफ्टने १०,००० आणि अ‍ॅमेझॉनने सुमारे १८,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. यात कराचीही एक बाब होती, जिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. अमेरिकेत सॉफ्टवेअर विकसित करण्याचा खर्च पूर्वी त्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता येत असे. २०१७ च्या कायद्यातील तरतुदीमुळे २०२२ पासून तो पाच वर्षांत, आणि परदेशात केलेल्या कामासाठी पंधरा वर्षांत, विभागून दाखवावा लागू लागला. पगार आज पूर्ण द्यायचा आणि वजावट मात्र थोडी-थोडी मिळवायची, यात लहान कंपन्यांची चांगलीच ओढाताण झाली. देशांतर्गत खर्चासाठी ही अट जुलै २०२५ मध्ये उठली, परदेशी खर्चासाठी ती कायम आहे.

चॅटजीपीटी लोकांसमोर आले ते ३० नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे मेटाच्या कपातीनंतर तीनच आठवड्यांनी. दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडल्यामुळे ‘एआयने नोकऱ्या घेतल्या’ ही समजूत पक्की झाली, परंतु ती पहिली लाट व्याजदराची आणि अतिरिक्त भरतीची होती. त्या लाटेत बाहेर पडलेले हजारो अनुभवी लोक खालच्या जागांसाठीही अर्ज करू लागले. फ्रेशरच्या जाहिरातीत दोन वर्षांचा अनुभव का मागतात, याचे एक साधे कारण हे आहे: तेवढ्याच पगारात तो मिळतो आहे.

याचा अर्थ एआयचा परिणाम झालाच नाही असा मात्र नाही, आणि तुम्हाला खोटा दिलासा देणे मला योग्य वाटत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील पगारपत्रकांच्या नोंदी तपासून २०२५ मध्ये असे दाखवले, की २२ ते २५ वयोगटातील सॉफ्टवेअर अभियंत्यांची संख्या २०२२ च्या अखेरच्या शिखरापासून जवळपास २० टक्क्यांनी घटली आहे, आणि त्याच व्यवसायातील वयाने मोठ्या लोकांत अशी घट दिसत नाही. असे का व्हावे, हे कोणत्याही टीममध्ये चार दिवस बसले तरी लक्षात येते. नव्याने आलेल्या मुलाला आम्ही काय काम देत असू? अर्जाच्या पानावर एखादा नवीन रकाना वाढव, छोटा बग म्हणजे कोडमधली चूक सोडव, कोड नीट चालतो का हे तपासणाऱ्या चार टेस्ट लिही, जुन्या आवृत्तीतला कोड नव्या आवृत्तीत आण. नेमके हेच काम एआयची साधने आज काही मिनिटांत करतात. त्या कामाची कंपनीला एरवीही फार किंमत नव्हती. ते करता करता तो मुलगा तीन वर्षांत तयार होत असे, खरी किंमत त्याची होती. हिशेबाच्या तक्त्यात ही दुसरी किंमत कोठेच दिसत नाही, म्हणून ती आज अनेकांनी सोडून दिली आहे. पेरणीसाठी राखलेले बियाणे दळून खाण्याचा हा प्रकार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच-सात वर्षांनी ज्यांना अनुभवी माणूस हवा असेल, त्यांना तो कोठून मिळणार?

पण तुम्हाला नोकरी आत्ता हवी आहे, म्हणून मुलाखतीत आम्ही हल्ली काय पाहतो ते एका प्रसंगातून सांगतो. मध्यंतरी आमच्याकडे एका जागेसाठी मुलाखती होत्या. प्रत्येक उमेदवाराला आम्ही एका पानावर छापलेला कोड देत होतो. त्यात एकच फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, होते: कर्जाची रक्कम आणि हप्त्यांची संख्या घ्यायची, भागाकार करायचा, उत्तर दशांशानंतर दोन स्थळांपर्यंत आणायचे आणि हप्त्यांची यादी परत द्यायची. कोड एआयने लिहिलेला होता. चलांची नावे नेटकी, टिपा व्यवस्थित, आणि खाली दोन टेस्ट: १०० चे ४ हप्ते आणि ९० चे ३ हप्ते. दोन्ही टेस्ट यशस्वी होत होत्या. प्रश्न एवढाच होता, की हा कोड तुम्ही प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहकांच्या प्रत्यक्ष वापरात, जाऊ द्याल का.

बहुतेकांनी कोडची स्तुती केली. काहींनी तो दोन ओळींनी लहान करून दाखवला. एक मुलगी मात्र दोन मिनिटे काहीच बोलली नाही. मग तिने पेन्सिल घेतली आणि समासात १०० भागिले ३ असे मांडले. ३३.३३, ३३.३३, ३३.३३. खाली बेरीज लिहिली: ९९.९९. “उरलेला एक शतांश कोणाच्या खात्यावर टाकायचा?” तिने विचारले. आणि आम्ही उत्तर देण्याआधीच पुढचा प्रश्न केला: “असे किती ग्राहक आहेत?” टेस्ट यशस्वी होत होत्या, कारण ज्याने कोड लिहिला त्यानेच टेस्ट लिहिल्या होत्या आणि दोन्हींत नेमके निःशेष भाग जाणारेच आकडे निवडले गेले होते. आम्ही तिला घेतले. तिच्या रेझ्युमेवर अनुभव शून्य होता.

कोड लिहिणे आता स्वस्त झाले आहे. तो बरोबर आहे असे सांगून त्याखाली आपले नाव घालणारा माणूस स्वस्त झालेला नाही, आणि तुम्हाला तो माणूस व्हायचे आहे. त्यासाठी पाठ्यक्रमातून उतरवलेले चार प्रोजेक्ट रेझ्युमेवर असण्यापेक्षा खरोखर वापरात असलेली एक छोटी वस्तू, म्हणजे एखादी वेबसाइट किंवा अ‍ॅप, हाती असणे चांगले, मग तिचे वापरणारे दहाच का असेनात. ती सहा महिने चालवा. ती बंद पडेल, डेटाबेसमध्ये चुकीची नोंद शिरेल, कोणीतरी नावाच्या रकान्यात फोन नंबर टाकेल. या प्रत्येक वेळी काय बिघडले आणि तुम्ही ते कसे शोधले, हे लिहून ठेवा. मुलाखतीत सांगण्यासारखे तेच असते. जोडीला एखाद्या ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा, प्रकल्पाचा कोड वाचा आणि त्यातील एखादा किरकोळ बग शेवटपर्यंत सोडवून द्या. दुसऱ्याने लिहिलेला मोठा कोड वाचणे ही गोष्ट महाविद्यालयात जवळजवळ शिकवलीच जात नाही, आणि कामाच्या ठिकाणी दिवसातला बराच वेळ त्यातच जातो.

आणखी एक सांगतो. दोनशे ठिकाणी एकच रेझ्युमे पाठवणे थांबवा. सॉफ्टवेअरची कामे केवळ सॉफ्टवेअर कंपन्यांत नसतात. रुग्णालये, विमा कंपन्या, बँका, कारखाने, मालवाहतूक करणाऱ्या संस्था यांनाही अभियंते लागतात, आणि तेथे अर्जांची गर्दी तुलनेने कमी असते. अशा वीसच जागा निवडा, प्रत्येकीचे काम समजून घ्या आणि त्या कामाबद्दल दोन ओळी लिहून अर्ज करा. ओळखीतून शब्द टाकायला लाजू नका. ती लाचारी नव्हे.

प्रश्न : सध्या कोणती प्रोग्रॅमिंग भाषा शिकावी? पायथॉन, जावा की रस्ट?

उत्तर : पहिली भाषा म्हणून यांतील कोणतीही चालेल, मात्र एक नीट शिका. एक भाषा पक्की असलेल्याला दुसरी शिकायला काही आठवडे लागतात, आणि भाषेचे व्याकरण सांभाळण्याचे काम आता साधनेही करतात. राहिलेला वेळ एसक्यूएल (डेटाबेसमधील माहिती विचारण्याची भाषा), लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचे मूलभूत ज्ञान, नेटवर्कवरून एखादी विनंती कशी जाते-येते आणि कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा इतिहास कसा वाचावा, यांवर घालवा. भाषा बदलतील, या गोष्टी गेली कित्येक वर्षे टिकून आहेत.

प्रश्न : मी तेरा वर्षे मॅन्युअल टेस्टिंग करते. आमच्या विभागातील निम्मे लोक कमी झाले. मॅनेजर म्हणतात, “ऑटोमेशन शिका.” पण आता आपोआप तपासणी करणारे ऑटोमेशनचे स्क्रिप्टही एआयच लिहिते, मग शिकून काय उपयोग? वय चाळीसच्या पुढे आहे आणि घर माझ्या पगारावर चालते.

उत्तर : तुमच्या पत्रातील काळजी मला पोहोचली, आणि म्हणून आधी कटू भाग सांगतो. ठरवून दिलेल्या पायऱ्या हाताने करून पाहायच्या आणि तक्त्यात ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहायचे, एवढेच ज्या पदाचे काम आहे ते पद परत येईल असे मला वाटत नाही. तुमच्या मॅनेजरांचा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे.

तेरा वर्षांत तुम्ही पायऱ्या पाठ केल्या, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वस्तू कोठे मोडते हे तुम्हाला कळू लागले. एक उदाहरण घ्या. पैसे भरण्याच्या पानावर ग्राहक बटण दाबतो. विनंती सर्व्हरपर्यंत जाते, खात्यातून पैसे वजा होतात, पण उत्तर परत येताना नेटवर्क तुटते. इकडे प्रोग्रॅमला वाटते विनंती पोहोचलीच नाही, म्हणून तो तीच पुन्हा पाठवतो आणि पैसे दोनदा कापले जातात. उत्तर आले नाही तर पुन्हा प्रयत्न करणारा कोड एआय सहज लिहून देते आणि तो दिसायला निर्दोष असतो. “उत्तर हरवले, पण काम झालेले असले तर?” हा प्रश्न मात्र कोणाला तरी सुचावा लागतो. ज्या व्यक्तीने असे दोनदा कापलेले पैसे प्रत्यक्ष पाहिले आहेत आणि त्यानंतरचे ग्राहकांचे फोन ऐकले आहेत, तिला तो आधी सुचतो. त्यावरचा उपायही तुम्हाला माहीत असायला हवा: प्रत्येक व्यवहाराला विनंतीबरोबरच एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर पैसे न कापता जुनेच उत्तर परत द्यायचे.

म्हणून ऑटोमेशन जरूर शिका, पण स्क्रिप्ट लिहिणारी म्हणून नोकरी मिळावी या हेतूने नव्हे. एआयकडून स्क्रिप्ट लिहवून घ्या, ते ओळ न् ओळ वाचा आणि त्याने कोणत्या शक्यता वगळल्या हे शोधा. एसक्यूएल इतके शिका, की पडद्यावर दिसणारी गोष्ट डेटाबेसमध्ये खरोखर तशीच नोंदली गेली का हे कोणालाही न विचारता तुम्हाला पाहता येईल. आणि आजवर तुम्हाला सापडलेल्या मोठ्या बगांपैकी दहा निवडून प्रत्येकाचा अर्ध्या पानाचा वृत्तान्त लिहा: काय दिसले, संशय का आला, मूळ कोठे निघाले, ते सुटले नसते तर काय झाले असते. गोपनीय तपशील त्यात घालू नका. रेझ्युमेवरच्या ‘तेरा वर्षांचा अनुभव’ या तीन शब्दांपेक्षा ही दहा अर्धी पाने अधिक काम करतील. तुम्ही ज्या क्षेत्राच्या सॉफ्टवेअरची तपासणी करत आलात, ते बँकेचे असो वा रुग्णालयाचे, ते क्षेत्र शक्यतो सोडू नका. तेथील नियम आणि अपवाद तुमच्या डोक्यात आहेत, आणि ते कोणत्याही दस्तऐवजात पूर्ण लिहिलेले नसतात. घर तुमच्यावर अवलंबून आहे, तेव्हा दुसरी नोकरी हातात आल्याशिवाय, रागाच्या भरात, राजीनामा मात्र देऊ नका.

प्रश्न : आमच्या मुलीचे शालेय शिक्षण या वर्षी संपते आहे आणि तिला संगणक अभियांत्रिकीच घ्यायची आहे. नातेवाईक म्हणतात, त्या क्षेत्रात आता काही राहिले नाही. आम्हा दोघांना त्यातले काही कळत नाही. तिला अडवावे का?

उत्तर : अडवू नये, असे मला वाटते, मात्र तिच्याशी एकदा निवांत बोलावे. ‘प्रोग्रॅमर आता लागणार नाहीत’ हे भाकीत नवीन नाही. १९५७ मध्ये फोरट्रान ही भाषा आली तेव्हा अशा साधनांना ‘स्वयंचलित प्रोग्रॅमिंग’ म्हटले जात होते. कोबोल भाषेची रचना १९५९ मध्ये सुरू झाली, तिच्यामागे व्यवस्थापकांनाही प्रोग्रॅम वाचता यावेत ही अपेक्षा होती. दर वेळी लिहिणे सोपे झाले, आणि पूर्वी परवडत नसलेली कामे लोक संगणकाकडून करून घेऊ लागले. या वेळीही तसेच होईल अशी हमी मी देणार नाही, कारण आताचे साधन भाषा सोपी करण्यावर थांबत नाही, ते स्वतःच उत्तर लिहिते. तरीही अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने २०२३ ते २०३३ या दशकासाठी केलेला अंदाज विचार करण्यासारखा आहे. दुसऱ्याने आखून दिलेले काम कोडमध्ये उतरवणारे, ज्यांना तो विभाग ‘कॉम्प्युटर प्रोग्रॅमर’ म्हणतो, त्यांच्या नोकऱ्या १० टक्क्यांनी घटतील आणि काय बांधायचे हे ठरवून ते उभे करणाऱ्या ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’च्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढतील, असा तो अंदाज होता.

तिला एवढेच विचारा, की एखादी गोष्ट चालत नसेल तर ती का चालत नाही हे शोधत तीन तास बसायला तिला आवडते का. आवडत असेल तर तिला हे क्षेत्र घेऊ द्या. केवळ पगार मोठे ऐकले म्हणून निवड करत असेल, तर तो आधार पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही हे तिला प्रेमाने सांगा. ‘एआय’ हे नाव लावलेल्या नव्या अभ्यासक्रमाऐवजी गणित, संगणकाची रचना, कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) आणि डेटाबेस नीट शिकवणारे महाविद्यालय निवडावे. आणि शैक्षणिक कर्ज काढणार असाल, तर पहिली नोकरी लागायला वर्षभर उशीर झाला तरी हप्ते कसे भरता येतील, याचा हिशेब आजच करून ठेवावा.

प्रश्न : मी सहा जणांच्या टीमचा लीड आहे. वरून सूचना आली, की एआयमुळे वेग वाढला असेल, तर आता चार जणांत काम करा. कोड पूर्वीपेक्षा खूप जास्त तयार होतो हे खरे, पण तो तपासण्याचा सगळा भार माझ्यावर आणि आणखी एका सहकाऱ्यावर पडला आहे. रात्री दहापर्यंत रिव्ह्यू चालतात. वरिष्ठांना हे कसे समजवावे?

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे आणि ती आकड्यांत मांडता येते. गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले, की कंपनीतील एक-चतुर्थांशाहून अधिक नवा कोड एआय तयार करते. हे वाक्य सगळीकडे पोहोचले, परंतु तो कोड अभियंते तपासतात आणि मगच स्वीकारतात, हा त्याच वाक्याचा पुढचा भाग वाटेत गळून पडला. तुमच्या वरिष्ठांकडेही बहुधा अर्धेच वाक्य पोहोचले आहे.

वेगाबद्दल आपला स्वतःचा अंदाजही फसवा असतो. मीटर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स अभियंत्यांना त्यांच्याच प्रकल्पांतील २४६ कामे दिली, काही एआय वापरून आणि काही न वापरता. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के अधिक वेळ लागला, आणि काम संपल्यावरही त्या अभियंत्यांना आपण २० टक्के वेगाने काम केले असे वाटत होते. हा प्रयोग छोटा होता, साधनेही त्यानंतर सुधारली आहेत, म्हणून त्यावरून सर्वत्र असेच होते असे म्हणू नये. पण मोजल्याशिवाय वेग वाढला असे गृहीत धरून माणसे कमी करू नयेत, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

तेव्हा तुम्ही मोजा. सहा आठवडे चार गोष्टींची नोंद ठेवा: एखादे काम हाती घेतल्यापासून ते ग्राहकापर्यंत पोहोचायला किती दिवस लागले, रिव्ह्यूसाठी किती तास गेले, किती बदल मागे घ्यावे लागले आणि प्रॉडक्शनमध्ये किती बग निघाले. तयार झालेल्या ओळींची संख्या त्यात धरू नका. हा तक्ता घेऊन वरिष्ठांकडे जा आणि ‘आम्ही दमलो आहोत’ याऐवजी ‘काम येथे अडते आहे’ असे सांगा. दमलेले तुम्ही आहातच, पण अडलेल्या कामाकडे वरिष्ठांचे लक्ष लवकर जाते. एकाच वेळी किती बदल रिव्ह्यूसाठी पाठवता येतील यावर मर्यादा घाला, आणि जो बदल पाठवणाऱ्याला स्वतःला समजावून सांगता येत नाही तो न वाचता परत करा, मग तो कोणीही लिहिलेला असो.

टीममध्ये एखादा नवखा मुलगा किंवा मुलगी असेल, तर चार जणांच्या यादीतून त्यांचे नाव पहिले खोडले जाणार याची मला भीती आहे. त्यांना रोज एक तास तुमच्या शेजारी बसवून रिव्ह्यू करायला लावा. आधी त्यांनी दोष शोधायचे, मग तुम्ही. पहिले दोन महिने तुमचा वेळ वाचणार नाही, उलट थोडा अधिक जाईल. तिसऱ्या महिन्यापासून छोटे बदल त्यांच्याकडे सोपवायला सुरुवात करा आणि तक्त्यात त्यांनी तपासलेल्या बदलांचा वेगळा रकाना ठेवा, म्हणजे पुढच्या बैठकीत त्या नावावर रेघ मारण्याआधी वरिष्ठांना तो पाहावा लागेल.